ओरडल्यावर मिळणारा पुडा : चोपडा तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

मुलगा सात वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला. चोपडा तालुक्यात तापीच्या अंगाला घर, चार एकर शेती, त्यात थोडी केळी आणि बाकी कापूस. घरात आई-वडील, आजी आणि तीन वर्षांची बहीण. जळगावला एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात मी समुपदेशनाचं काम करते. तिथे दिवाळीनंतर हे कुटुंब आलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तक्रार आईने एका दमात सांगितली : ताट फेकतो, बहिणीला चावतो, जमिनीवर लोळून भोकाड पसरतो, धरायला गेलं तर लाथा मारतो आणि तासाभराने काही झालंच नाही असा येऊन मांडीत झोपतो.

कारण प्रत्येकाने आधीच ठरवलेलं होतं. सुरतेच्या कापड मार्केटात असलेले काका फोनवर सांगत, "साखर आणि ते दुकानातले चटपटीत पुडे बंद करा, त्यातल्या रंगाने पोरं बिघडतात." आजीच्या मते सुनेला वळण लावता येत नाही, त्यांच्या हाताखाली तीन पोरं वाढली, एकाने कधी ताट फेकलं नाही. वडील म्हणाले, "मॅडम, मीही लहानपणी असाच होतो म्हणतात." आई मात्र गप्प होती. नंतर एकटी असताना तिने विचारलं, "ताई, माझंच चुकतंय का?"

हा प्रश्न मी इतक्या आयांकडून ऐकलाय की आता त्याचा राग येतो. राग आईचा नाही, तिला तो प्रश्न पडावा अशी वेळ आणणाऱ्यांचा. मूल हुशार निघालं तर घराण्याचं, हट्टी निघालं तर आईचं, हा हिशोब आमच्याकडे अजून चालतो.

काकांचा प्रयोग

काकांचं ऐकून घराने श्रावणात साखर, बिस्किटं आणि पुडे बंद केले होते. पहिले चार दिवस मुलगा खरोखर शांत होता. मग कान्हबाईच्या रोटांना, म्हणजे खान्देशातल्या श्रावणातल्या सणाला, घरात खीर-पुरण झालं, त्याने पोटभर खाल्लं आणि त्या रात्री असा थयथयाट केला की शेजारी धावून आले. झालं, साखरेवर शिक्कामोर्तब झालं.

ते चार दिवस मी आईकडून बारकाईने विचारून घेतले. साखर बंद केली म्हणून ती मुलाला चहाऐवजी दूध-भाकरी देत होती, तीही शेजारी बसून, कारण तो खातो की नाही हे बघायचं होतं. संध्याकाळी काकांचा व्हिडिओ कॉल यायचा आणि "आज आमचा वाघ शहाण्यासारखा वागला" असं सगळ्यांसमोर म्हटलं जायचं. रोटांच्या दिवशी घरात पाहुण्यांची गर्दी, कान्हबाईच्या गाण्यांचं जागरण, दुपारची झोप नाही आणि आई चुलीपासून हललेली नाही. म्हणजे बदललेल्या गोष्टी पाच-सहा, आणि नाव एकट्या साखरेचं.

साखरेबद्दल मी घरच्यांना स्पष्ट सांगितलं. १९९४ साली अमेरिकेत मार्क वोलराइच आणि सहकाऱ्यांनी काही कुटुंबांचं अख्खं खाणं तीन-तीन आठवड्यांच्या पाळीने बदललं : एका पाळीत भरपूर साखर, बाकीच्या दोन पाळ्यांत साखरेऐवजी कृत्रिम गोडी. कोणती पाळी चालू आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. "साखर खाल्ली की आमचं पोर उधळतं" असं ज्यांचे आईबाप म्हणत होते, ती मुलंही त्यात होती. त्यांच्याही वागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. त्याच वर्षी हूवर आणि मिलिच यांनी केलेला प्रयोग मला त्याहून बोलका वाटतो. त्यांनी काही आयांना सांगितलं की तुमच्या मुलाला आत्ताच साखर दिली आहे. प्रत्यक्षात साखर एकाही मुलाला दिलेली नव्हती. तरी त्या आयांना आपला मुलगा जास्त चंचल दिसला. त्या त्याच्या अधिक जवळ घुटमळत राहिल्या आणि त्याला जास्त टोकत राहिल्या. खाण्यावरचा संशय हा असा वागवण्यात उतरतो आणि मग मुलाच्या वागण्यात परत येतो.

रंगांचं प्रकरण वेगळं आहे, तिथे काकांना उडवून लावता येत नाही. १९७०च्या दशकात बेंजामिन फाइनगोल्ड या अमेरिकन ॲलर्जीतज्ज्ञाने कृत्रिम रंग आणि चवींवर बोट ठेवलं. त्याचे दावे फार मोठे होते आणि नंतरच्या तपासण्यांत ते तेवढे टिकले नाहीत. पण २००७ साली इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठाचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. तीन वर्षांची १५३ आणि आठ-नऊ वर्षांची १४४ साधी, घरातली मुलं घेऊन त्यांना कधी कृत्रिम रंग आणि पदार्थ टिकवणारं सोडियम बेंझोएट घातलेलं पेय दिलं, कधी तसंच दिसणारं, पण या दोन्हींशिवायचं. कोणत्या दिवशी कोणतं, हे मुलांना, पालकांना, शिक्षकांना माहीत नव्हतं. रंगाच्या पेयानंतर चंचलपणा सरासरीने वाढला, पण थोडाच, आणि सगळ्यांचा नाही. त्यानंतर युरोपात २०१०पासून अशा सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या लक्ष लागण्यावर परिणाम होऊ शकतो असा इशारा छापणं बंधनकारक झालं. त्यांतले टारट्राझिन, सनसेट यलो, कारमोइसिन आणि पाँसो फोर आर हे चार रंग आपल्याकडे परवानगी असलेल्या रंगांत आहेत. पुड्याच्या मागे १०२, ११०, १२२, १२४ हे आकडे दिसले तर तेच ते.

म्हणून पुढच्या खेपेला त्याच्या नेहमीच्या पुड्याचं रिकामं पाकीट मी आणायला लावलं आणि वडिलांबरोबर बसून मागची बारीक अक्षरं वाचली. मक्याचं पीठ, पामतेल, मीठ, मसाला. त्या चारपैकी एकही आकडा नव्हता. गारेगार आणि लाल-पिवळ्या गोळ्यांबद्दल तसं म्हणता आलं नसतं, पण त्या तो बाजाराच्या दिवशीच खायचा. ताटफेक मात्र रोजची होती.

पाटीवरची पेन्सिल

रक्ताकडे लक्ष गेलं ते शाळेतल्या सरांमुळे. मुलाला दोन्ही ठिकाणी, घरी आणि शाळेत, त्रास असला तरच अतिचंचलतेच्या विकाराचा विचार करायचा असतो, म्हणून मी सरांना फोन केला होता. ते म्हणाले, "मारामारी? छे हो. तो तर खिचडी खाल्ल्यावर डोकं टेकून पडतो. फळ्यावरचं उतरवत नाही. आणि पाटीवरच्या पेन्सिली खातो, डबी दिली की दोन दिवसांत संपते."

आजीला हे माहीत होतं. "लेकरं खातंच ऱ्हातंस," त्या म्हणाल्या, "आम्हीबी खादी. मना नातूले काय जायेल शे?" आमच्या खान्देशात घरोघरी पेन्सिल, माती, भिंतीचे पोपडे खाणारी मुलं आहेत आणि ती सवय म्हणून सोडून दिली जातात. पण अशी भूक अनेकदा अंगात लोह कमी असल्याची खूण असते. डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, ती पांढुरकी होती. हिमोग्लोबिन ९.१ निघालं. पाच ते अकरा वर्षांच्या मुलात ते किमान ११.५ असायला हवं. साठ्यातलं लोह दाखवणारं फेरिटिनही तळाला होतं. घोरतो का, कानाने नीट ऐकू येतं का, हे डॉक्टरांनी तपासून घेतलं. तिथे काही नव्हतं.

लोह फक्त रक्ताच्या लालीसाठी लागत नाही. लक्ष लागणं, स्वतःला आवरणं यांच्याशी संबंध असलेलं डोपामिन हे रसायन मेंदूत तयार होतानाही ते लागतं. लोह कमी असलेलं मूल चिडचिडं होतं, लवकर थकतं, रात्री पाय झाडत झोपतं. आई म्हणाली, "हो ना, रात्रभर लाथाच मारतो, मला वाटलं झोपेतही भांडतो."

या बाबतीत हा मुलगा वेगळा अजिबात नाही. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गुलाबी गोळी याच कारणासाठी असते. याने ती खिशात घालून घरी आणली होती, कारण ती घेतल्यावर शी काळी होते आणि मित्र चिडवतात. शी काळी होणं हे लोहाच्या गोळीचं नेहमीचं आहे, त्याने काही बिघडत नाही, हे एवढं वाक्य त्याला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. अर्थात आठवड्याची गोळी रक्तक्षय होऊ नये म्हणून असते. झालेला भरून काढायला डॉक्टरांनी वजनाप्रमाणे रोजचं औषध दिलं आणि जंताची गोळीही.

मग त्याचं खाणं पुन्हा बघितलं, या वेळी काय आहे यापेक्षा काय नाही ते. सकाळी चहा-टोस्ट, शाळेत खिचडी, आल्यावर चहा आणि पुडा, संध्याकाळी पुन्हा पुडा, रात्री दोन घास. घरात दादर ज्वारीची भाकरी, उडीद घालून दळलेली कळणाची भाकरी, वरण, मेथी, वांग्याचं भरीत सगळं होतं. पण त्याची भूक पुड्याने मरत होती, आणि जे काही पोटात जाई त्यातलं लोह जेवणालगतचा चहा अंगी लागू देत नव्हता. पुड्याचं नुकसान झालं ते असं : तो रंगाने डोक्यात शिरला नाही, त्याने भाकरीची जागा घेतली.

आईची नोंदवही

तरी ताटफेक नुसत्या रक्तक्षयाने समजत नव्हती. थकलेलं, चिडचिडं मूल शाळेत डोकं टेकून पडतं आणि घरी ताट फेकतं, असं का? मी आईला एक जुनी वही घ्यायला सांगितली आणि तीन रकाने : आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. आई नववी शिकलेली, अक्षर सुरेख. तिने कापूस वेचून आल्यावर रोज रात्री लिहिलं. त्यातली एक मंगळवारची संध्याकाळ तिच्याच शब्दांच्या जवळपास देते.

सातला वाढलं. त्याने मोबाइल मागितला. नाही म्हटलं. पुन्हा मागितला. "जेव आधी." वाटी ढकलली. मी ओरडले. तो जोरात ओरडला. मी पाठीत धपाटा घातला. ताट फेकलं, लोळायला लागला. बारकी रडायला लागली. आजी म्हणाल्या, "तेले रडाले नको लावू, लहान शे." त्यांनी पाच रुपये दिले. दुकानात गेला, पुडा आणला. गप्प झाला. सव्वासात.

पंधरा मिनिटांत अख्खं प्रकरण आहे. अमेरिकेत ओरेगॉनला जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत बसून हेच बघितलं आणि १९८२मध्ये मांडलं : मूल ताणतं, मोठं माणूस ताणतं, मूल आणखी ताणतं, मोठं माणूस सोडून देतं. मुलाला कळतं की जोर वाढवला की मिळतं. मोठ्यांना कळतं की दिलं की शांतता होते. दोघांनाही बक्षीस मिळालेलं असतं, म्हणून दोघंही उद्या तेच करतात. यात कोणी वाईट नसतं. दिवसभर वाकून कापूस वेचलेल्या बाईला संध्याकाळी साडेसातला शांतता हवी असते, आणि ती पाच रुपयांत मिळत असते.

शाळेत सरांकडे पुडा नव्हता, म्हणून तिथे ताट फेकण्यात अर्थ नव्हता.

नोंदवहीने आणखी एक गोष्ट दाखवली, जी आम्हा कोणाच्याच मनात आली नव्हती. तिने दोन आठवडे लिहिलं होतं. एका आठवड्यात अकरा मोठे तमाशे, दुसऱ्यात चार. वडिलांनी पान उलटून तारखा बघितल्या आणि लगेच म्हणाले, "हा रातच्या लाइटीचा आठवडा." त्यांच्याकडे शेतीपंपाची वीज आठवडाआड दिवसा आणि रात्री येते. रात्रीच्या आठवड्यात ते जेवून शेतावर जातात, केळीला पाणी सोडतात, पहाटे येतात. घरात आई एकटी, दार वाजलं की सगळे जागे, मुलगा आईच्या मोबाइलवर अकरा-बारापर्यंत. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. त्या आठवड्यात त्याला जेमतेम सात मिळत होती, तीही तुटकतुटक. वर संध्याकाळी पंक्तीला वडील घाईत आणि घरातला प्रत्येक मोठा माणूस झोपेचा उपाशी.

आता सांगा, हे खाणं की वळण? पुडा हा आहाराचा भाग होता आणि तोच या घरातल्या वळणाचं चलनही होता. रक्तक्षयाने मूल चिडकं झालं, चिडक्या मुलाला शांत करायला पुडा दिला, पुड्याने भाकरी सुटली, भाकरी सुटल्याने रक्तक्षय वाढला. कोणी एकच टोक पकडून ओढलं असतं तर काकांसारखाच चार दिवसांचा गुण आला असता.

आईला मी रसेल बार्कली आणि चार्ल्स कनिंगहॅम यांचं १९७९चं काम सांगितलं. अतिचंचल मुलांना औषध दिलं आणि आई-मुलाला एकत्र ठेवून बघितलं, तर औषध घेतलेल्या मुलाच्या आईचं हुकूम सोडणं कमी झालं होतं. औषध मुलाने घेतलं होतं, बदल आईतही दिसला. म्हणजे आईचं ओरडणं हे बऱ्याचदा मुलाच्या वागण्याचं फळ असतं, मूळ नसतं. हे ऐकून ती पहिल्यांदा नवऱ्याकडे वळून बोलली, "ऐकलं ना? घरी आईंनापण सांगा."

काय केलं

औषध लगेच सुरू झालं, लिंबू-पाण्याबरोबर आणि चहापासून दूर. जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नाही, हे घरातल्या मोठ्यांनाही लागू केलं, कारण मुलाचा चहा बंद करून समोर फुरके मारणं चालत नाही.

पुडा बंद केला नाही. गुरुवारच्या बाजाराला एक, ठरलेला, त्याच्या हाती. इतर दिवशी ओरडून, लोळून, काही करून नाही. सगळ्यात अवघड जागा आजी होत्या, आणि त्यांना नुसतं "देऊ नका" सांगणं मला अन्यायाचं वाटलं. नातवाला काहीतरी द्यावं हा त्यांचा जीव आहे. म्हणून त्यांच्याकडे चारची वेळ दिली. मुलगा शाळेतून आला की ओट्यावर आजी, आणि त्यांच्या हातचं फुटाणे-शेंगदाणे किंवा कळणाच्या भाकरीवर तेल-तिखट. देणं त्यांच्याकडेच राहिलं. पूर्वी ते ओरडल्यानंतर मिळायचं, आता ओरडण्याची वेळ यायच्या आधी.

ताट फेकलं तर उचलायचं, आवाज न चढवता, आणि जेवण संपलं. धपाटा नाही. पण त्याहून महत्त्वाचं, नीट जेवत असेल तेव्हा त्याच्याकडे बघून बोलायचं. आईला हे विचित्र वाटलं, "चांगलं वागतोय तेव्हा कशाला छेडायचं?" शांत मुलाकडे आपण पाठ फिरवतो आणि तमाशा करणाऱ्याकडे सगळं घर धावतं, हे तिने स्वतःच वहीत वाचून दाखवलं.

रात्रीच्या लाइटीच्या आठवड्यात मोबाइल वडिलांबरोबर शेतात. घरी साधा फोन. अंथरूण नऊला, आजी शेजारी.

मी आधीच बजावलं होतं की सुरुवातीला वाढेल. जे आजवर मिळत होतं ते बंद झालं की मूल दुप्पट जोर लावून बघतं. तसंच झालं. तिसऱ्या दिवशी त्याने पाण्याचा हंडा आडवा केला. पाचव्या दिवशी आजींनी गुपचूप पाच रुपये दिले, आणि कधीतरी मिळणारं बक्षीस रोजच्यापेक्षा घट्ट चिकटतं, त्यामुळे पुढचा आठवडा वाईट गेला. वडिलांनी आईशी भांडण न करता आजींना दवाखान्यात आणलं. मी रक्ताचा कागद समोर ठेवून त्यांना सांगितलं की नातवाच्या अंगात रक्त नाही, आणि पुड्याने भाकरी सुटते म्हणून ते वाढत नाही. वळणाचा शब्दही काढला नाही. रक्त नाही, हे त्यांना पटलं. त्यानंतर पाच रुपये बंद झाले.

चिडचिड कमी झाली ती रक्त वाढण्याच्या आधी. लोह सुरू झालं की भूक आणि मनःस्थिती सुधारण्याचा अनुभव लवकर येतो, त्यामुळे पहिल्या पंधरवड्यातला आराम औषधाचा किती आणि नियमांचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. दोन्ही एकदम सुरू केलं होतं, आणि ९.१ हिमोग्लोबिनच्या मुलाचं औषध प्रयोगासाठी लांबवणं बरोबर नव्हतं.

फेब्रुवारीअखेर हिमोग्लोबिन ११.७ होतं. पेन्सिल खाणं सुटलं. फेब्रुवारीतल्या शेवटच्या दोन आठवड्यांत वहीत तीन तमाशे होते, तिन्ही रात्रीच्या लाइटीच्या आठवड्यातले. वडिलांनी वीज आली की पंप आपोआप सुरू करणारा ऑटो स्टार्टर मोटारीला लावला, पण पाण्याचा कॉक फिरवायला जावंच लागतं, तेव्हा तो आठवडा अवघडच राहणार. औषध साठा भरेपर्यंत अजून काही महिने चालू ठेवायचं आहे. खिचडीनंतर तो आता झोपत नाही, आणि त्यामुळेच सरांच्या लक्षात आलं की जागा असूनही जोडाक्षराशी तो अडतो आणि 'ब' आणि 'व' यांत गोंधळतो. त्याचं कारण रक्त असेल, बुडालेलं वर्ष असेल किंवा वाचनाचीच वेगळी अडचण असेल. डोळे तपासून झाले आहेत. वाचनाची तपासणी जूनमध्ये शाळा उघडल्यावर करायची ठरली आहे, तोवर सर रोज दहा मिनिटं त्याला वेगळं वाचायला बसवतात.